गरम गाठ

"ताई, महिना झाला, सब्जाचं पाणी पितेय. रात्री गुलकंद घेते. बाजरी बंद केली, वांगं बंद केलं. तरी गाठ गरमच आहे का हो?"

सुई तपासणीच्या टेबलावर आडवं होण्याआधी त्या बाईंनी मला हे विचारलं. लिंबायतला राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या. सोबत सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सगळे रिपोर्ट. कुणीतरी त्यांना स्कॅनच्या कागदावरचा 'हॉट नोड्यूल' हा शब्द मराठीत करून सांगितला होता, आणि 'गरम गाठ' म्हटल्यावर खानदेशातल्या बाईच्या मनात जे येईल तेच त्यांच्या मनात आलं होतं. अंगात उष्णता झाली, म्हणून गाठ झाली. मग थंड पडेल ते खायचं, गरम पडेल ते सोडायचं. महिनाभर त्यांनी हे निष्ठेनं केलं होतं.

मी त्यांना समजावलं की गाठीला हात लावला तर ती चटका देणार नाही. 'गरम' हा स्कॅनवाल्यांचा शब्द. गाठ जास्त काम करतेय, एवढाच त्याचा अर्थ. त्या म्हणाल्या, "काम करतेय म्हणजे चांगलीच असेल ना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देण्यात माझ्या पेशाची पंचवीस वर्षं गेली आहेत. तेच इथे मांडायचं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुरतेतच वाढले. वडील तापी व्हॅली लाइनच्या गाडीत बसून खानदेशातून उधन्याला उतरले आणि इथलेच झाले. अमळनेर, नंदुरबार, शिरपूर, पारोळा, शहादा, चोपडा, जिथून जिथून ती गाडी किंवा एसटी माणसं आणते तिथली हजारो घरं आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आहेत. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा-बारा तास उभे, बायका घरी साड्यांवर टिकल्या चिकटवतात, धागा कटिंग करतात. माझ्याकडे येणारे गुजराती पेशंट मला 'डॉक्टरबेन' म्हणतात. आपली माणसं नाव विचारतात, आडनाव ऐकतात, मग गाव विचारतात आणि 'ताई' म्हणायला लागतात. एकदा ताई म्हटलं की रिपोर्ट नुसता रिपोर्ट राहत नाही.

गळ्याच्या गाठी मी लहानपणापासून पाहत आले. माझं आजोळ शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजीच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ होती, तिच्या मोठ्या बहिणीच्या गळ्यात पेरूएवढी. गलगंड. पोत घातली की ती गाठीवरून घसरायची. कुणाला त्याचं विशेष वाटत नसे. आजी खडामीठ वापरायची, पाट्यावर वाटून. गुजरातच्या मिठागरांतून देशातलं बहुतेक मीठ जातं. ज्या दांडीच्या किनाऱ्यावर 6 एप्रिल 1930 ला मीठ उचललं गेलं तो किनारा सुरतेपासून फार लांब नाही. पण मीठ खारट असणं वेगळं आणि त्यात आयोडीन असणं वेगळं, हे मला मेडिकल कॉलेजात गेल्यावर कळलं. कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानं मिठात आयोडीन घातलं की गलगंड कमी होतो हे दाखवलं, 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तरी आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायला देशभर जी बंदी आज आहे, ती 17 मे 2006 पासूनची.

हे सांगायचं कारण असं की गरम गाठीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. अन्नात आयोडीन कमी पडलं की थायरॉइडला हार्मोन पुरेसं बनवता येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मग टीएसएच पाठवत राहते, म्हणजे 'काम वाढव' असा निरोप. वर्षानुवर्षं हा निरोप ऐकून पेशी वाढतात, विभागतात, आणि विभागताना कधीतरी एखाद्या पेशीत चूक होते. निरोप ऐकणारा तिचा कानच बिघडतो. निरोप येवो न येवो, त्याला तो सतत ऐकू येत राहतो. 1993 मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी अशा गाठींमधल्या टीएसएच रिसेप्टरमध्ये नेमका हा बिघाड दाखवला. त्या एका पेशीची पुढची सगळी प्रजा विचारल्याशिवाय हार्मोन बनवत सुटते. रक्तात हार्मोन जास्त झालं की पिट्युटरी गप्प बसते, टीएसएच तळाला जातं, आणि उरलेली निरोगी थायरॉइड हात बांधून बसते. स्कॅनमध्ये मग ती गाठ तेवढी काळीभोर दिसते आणि बाकी ग्रंथी जवळजवळ दिसतच नाही.

आम्हाला शिकवलं गेलं ते सोपं होतं. थंड गाठीत कॅन्सर असू शकतो, गरम गाठीत तो क्वचितच असतो. नियम खरा आहे आणि त्याला कारणही आहे. थायरॉइडची पेशी कॅन्सरची झाली की बहुतेक वेळा आपलं मूळ काम विसरते. आयोडीन ओढून घेणारा तिच्या भिंतीतला पंप मंदावतो, म्हणून ती स्कॅनमध्ये थंड दिसते. आयोडीन भरभरून घेणारी पेशी अजून आपल्या धंद्यात आहे, बिघडली असली तरी बहकलेली नाही, असा तर्क. त्यामुळे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: टीएसएच कमी असेल तर आधी स्कॅन करा, आणि गाठ गरम निघाली तर साधारणपणे सुई घालायची गरज नाही.

या नियमाच्या दोन्ही बाजूंनी मी ठेच खाल्ली आहे. पहिली ठेच त्या बाईंच्या कितीतरी आधीची.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापीनं सुरत बुडवली. पाणी ओसरल्यावर कित्येक महिने लूमची खाती नीट चालत नव्हती. त्या हिवाळ्यात एक बत्तीस वर्षांचा विणकर माझ्याकडे आला. गळ्यात सुपारीहून थोडी मोठी गाठ. चिठ्ठीवर तीनच शब्द होते: थायरॉइड गाठ, एफएनएसी. म्हणजे सुई तपासणी. खाली हार्मोनचा रकाना रिकामा. मी सुई घातली, काचपट्ट्या केल्या, रंगवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच पेशी. कोलॉइड, म्हणजे ग्रंथीच्या पिशव्यांत साठलेला द्रव, जवळजवळ नाही, छोटी छोटी गोल वर्तुळं करून बसलेल्या पेशींचे घोळकेच घोळके. मी लिहिलं: 'फॉलिक्युलर निओप्लाझम'.

या शब्दांचा अर्थ डॉक्टरांना माहीत असतो. ही गाठ साधी आहे की कॅन्सर हे सुईच्या नमुन्यावरून ठरत नाही, गाठ काढून तपासावी लागेल. फॉलिक्युलर जातीच्या कॅन्सरच्या पेशी आणि साध्या गाठीच्या पेशी एकसारख्याच दिसतात. फरक असतो तो कुंपणाचा. गाठीभोवती जे आवरण असतं ते पेशींनी ओलांडलंय का, रक्तवाहिनीत त्या घुसल्यात का, हे पाहावं लागतं. सुई आतल्या चार पेशी आणते, कुंपण आणत नाही.

पण त्या तरुणापर्यंत एवढंच पोचलं: कॅन्सर असू शकतो, ऑपरेशन करा. दीड महिन्यानं तो परत आला तेव्हा दुसऱ्या एका फिजिशियनची चिठ्ठी घेऊन. ऑपरेशनच्या आधी त्या डॉक्टरांना त्याची नाडी फार जलद वाटली म्हणून त्यांनी टीएसएच करायला सांगितलं होतं. ते जवळजवळ शून्य निघालं. त्यांनी त्याला मुंबईला पाठवलं, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राची, 1963 मध्ये सुरू झालेली ही संस्था आमच्या भागातल्या थायरॉइडच्या कितीतरी पेशंटांचा आधार राहिलेली आहे. पहाटेच्या फ्लाइंग राणीनं जायचं आणि काम झालं तर रात्री परत यायचं. स्कॅनमध्ये गाठ गरम निघाली.

मी त्याच्या जुन्या काचपट्ट्या काढल्या. गिम्सा रंगाच्या पट्टीवर पेशींच्या कडेला बारीक बुडबुडे होते आणि त्या बुडबुड्यांच्या काठावर गुलाबी-लालसर झळाळी, जणू पेशीला कडेनं आग लागली आहे. जास्त काम करणाऱ्या थायरॉइडच्या पेशींची ही ओळखीची खूण. यांना ज्वाळापेशीच म्हणतात. पहिल्या दिवशीही त्या तिथे होत्या. मी पाहिल्या होत्या, पण त्यांना वजन दिलं नव्हतं. पेशींची दाटी पाहून घाबरले होते. ती दाटी कामाची होती. दिवाळीच्या आधी साडीच्या खात्यात जशी माणसं एकमेकांना खेटून काम करतात, तशी. टीएसएच माहीत असतं तर मी रिपोर्टात लिहिलं असतं की हे चित्र जास्त काम करणाऱ्या गाठीशीही जुळतं, आधी स्कॅन करून घ्या.

त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं गेलं. ते त्या गाठीनं स्वतःहून ओढून घेतलं आणि त्यानंच ती आतून विझली. गळा कापावा लागला नाही. पण तोवर त्यानं गावची पावणेदोन एकर जमीन गहाण टाकली होती. जाताना तो म्हणाला, "ताई, चूक कुणाची नव्हती. चिठ्ठीवर लिहिलेलंच नव्हतं." मला त्या वाक्यानं बरं वाटलं नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं हे खरं, पण पेशंट माझ्यासमोर होता. त्याचा हात मी हातात घेतला असता तर तो थरथरतोय, ओलसर आहे, हे मला कळलं असतं. "वजन उतरलंय का?" हा एक प्रश्न विचारायला काय लागतं? मी फक्त गळा पाहिला, माणूस पाहिला नाही.

त्यानंतर मी माझ्या लॅबचा फॉर्म बदलला. थायरॉइडच्या सुई तपासणीसाठी टीएसएचचा रकाना भरल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही असं ठरवलं. कितीतरी लोकांना मी त्यामुळे परत पाठवलं आणि कितीतरी सुया वाचल्या. हळूहळू माझ्या मनात नियम पक्का बसला: गरम गाठ म्हणजे सुई नको. एका चुकीतून शिकलेला धडा माणूस जरा जास्तच घट्ट धरतो.

त्याच धड्यासकट मी त्या दिवशी लिंबायतच्या बाईंसमोर उभी होते.

त्यांचं दुखणं वर्षभराचं. नऊ किलो वजन उतरलेलं, छातीत धडधड, रात्री झोप नाही. पाळी जायचं वय आहे, होतं असं, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. दुखणं उघडं पडलं ते साडीवर. त्या टिकल्या चिकटवायच्या. हात थरथरायला लागला आणि टिकल्यांची रांग वाकडी जायला लागली. व्यापाऱ्यानं दोन वेळा माल परत पाठवला, पैसे कापले. तेव्हा मुलानं दवाखान्यात नेलं. टीएसएच 0.01. टेक्निशियमचा स्कॅन: उजव्या बाजूला एकच गरम गाठ, बाकी ग्रंथी दबलेली. आयोडीनच्या गोळीची तयारी सुरू होती. फक्त सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना गाठीचं रूप आवडलं नव्हतं. काळपट, कडा ओबडधोबड, आत वाळूच्या कणांसारखे पांढरे ठिपके. त्यांनी आग्रहानं सुई तपासणी लिहिली होती.

मी कागद पाहिले आणि माझ्या मनात पहिला विचार आला: गरम गाठ आहे, हिला परत पाठवावं. सोनोग्राफीत साध्या गरम गाठीही पुष्कळदा संशयास्पद दिसतात, हे मला ठाऊक होतं. आणि सुई घातली तर पेशींची तीच दाटी दिसेल, पुन्हा एक घाबरवणारा रिपोर्ट, पुन्हा कुणाची तरी जमीन. मी चिठ्ठीवर 'आवश्यकता नाही' असं लिहायला पेन उचललंही होतं.

पण त्या विणकरानं मला दुसरीही एक सवय लावली होती. आधी हात. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी गळा चाचपला. उजवीकडची गाठ घट्ट होती, रबरासारखी नाही, कच्च्या कैरीच्या बाठ्यासारखी. बोटं बाजूला गेली, मानेच्या स्नायूच्या कडेनं खाली. तिथे एक वाटाण्याएवढी वेगळी गाठ लागली.

"ही केव्हापासून?"

"ती होय? ती आहे सहा-सात महिने. दुखत नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. सगळे मोठीचंच विचारतात."

मी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी मी दोन ठिकाणी सुई घातली, मोठ्या गाठीत आणि मानेच्या वाटाण्यात. थायरॉइडची साधी गाठ, मग ती थंड असो की गरम, मानेच्या लसीका गाठीत जात नाही. तिथे थायरॉइडच्या पेशी सापडल्या तर त्या कॅन्सर म्हणूनच तिथे पोचलेल्या असतात.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी काचपट्ट्या पाहिल्या. मोठ्या गाठीच्या पट्टीवर अपेक्षेप्रमाणे दाटी होती, कुठे कुठे ज्वाळापेशीही होत्या. त्या पाहून मी तिथेच थांबले असते, तर रिपोर्ट 'जास्त काम करणारी गाठ' असा गेला असता. पण भिंग वाढवलं तेव्हा केंद्रकं दिसली. फिकट, आतून धुऊन काढल्यासारखी, एकमेकांवर चढलेली. त्यांच्यावर कॉफीच्या बीवर असते तशी उभी घडी. काही केंद्रकांच्या आत गोल, स्वच्छ कडेचा एक पोकळ ठिपका. पॅपिलरी कार्सिनोमाची ही खूण विद्यार्थ्याच्याही ओळखीची असते. नंतर वाटाण्याची पट्टी ठेवली. लसीका पेशींच्या गर्दीत त्याच पेशी, त्याच घड्या, तेच पोकळ ठिपके.

गाठ गरम होती. गाठ कॅन्सरची होती. दोन्ही खरं होतं.

त्या रात्री मी पुष्कळ वाचलं. असं पहिल्यांदाच घडत नव्हतं. 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल सीडलिन यांनी अशा एका पेशंटवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार केले होते, ज्याची थायरॉइड ग्रंथी कितीतरी वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती आणि तरीही त्याला हार्मोन जास्त असल्याची सगळी लक्षणं होती. ते हार्मोन त्याच्या अंगभर पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी बनवत होत्या. 1946 मध्ये ही हकिकत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली, आणि थायरॉइडच्या कॅन्सरवर आयोडीनचे उपचार तिथून जगाला ठाऊक झाले. म्हणजे ज्या उपचारावर आम्ही आज विसंबून आहोत, तो उपचारच काम करणाऱ्या कॅन्सरच्या एका पेशंटमुळे पुढे आला. वर्गात आम्ही शिकलो तो 'क्वचित' हा शब्द. त्या शब्दाच्या आत हा माणूस राहत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या रात्री पुन्हा लख्ख झाली. आपल्याकडे स्कॅन बहुधा टेक्निशियमचा होतो. ते स्वस्त आहे, हाताशी आहे, त्याचं आयुष्य सहा तासांत निम्मं होतं आणि वीस मिनिटांत फोटो निघतो. पण टेक्निशियम पेशीच्या दारातून आत येतं, एवढंच. आतल्या कारखान्यात आयोडीनचं हार्मोन बनतं तसं त्याचं काही बनत नाही. त्यामुळे काही गाठी टेक्निशियमला गरम दिसतात आणि आयोडीनला थंड. दार उघडं, कारखाना बंद. अशा गाठीला गरम म्हणून सोडून देता येत नाही. या बाईंचं टीएसएच तळाला होतं, त्यामुळे त्यांचा कारखाना खरोखरच चालू होता. पण ज्या पेशंटचं टीएसएच नॉर्मल आहे आणि टेक्निशियमचा स्कॅन गरम आहे, त्याच्या बाबतीत माझी भुवई आता वर जाते.

आधी औषधांनी त्यांचं हार्मोन आटोक्यात आणावं लागलं. वाढलेल्या हार्मोनसकट भूल देणं जिवावरचं असतं. दीड महिन्यानं ऑपरेशन झालं आणि फॉर्मलीनच्या डब्यातून त्यांची थायरॉइड माझ्याच टेबलावर आली.

मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. गरम गाठी काढल्यावर कॅन्सर सापडल्याच्या ज्या नोंदी आहेत, त्यांतल्या कित्येकांत तो गरम गाठीच्या शेजारी, वेगळाच, मोहरीएवढा सापडलेला असतो. शेजारी सापडणं वेगळं आणि त्याच गाठीत सापडणं वेगळं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ऑपरेशन केलेल्या एकेकट्या गरम गाठींत शंभरात साधारण तिघांना कॅन्सर आढळल्याचं म्हटलं आहे. पण ऑपरेशनला जातात त्या गाठी मुळातच मोठ्या किंवा संशयाच्या असतात, म्हणून हा आकडा सगळ्या गरम गाठींना लावता येत नाही. त्यामुळे मी घाईनं चार तुकडे घेऊन मोकळी झाले नाही. गाठीच्या बाहेरून शाई लावली, पावाचे काप करावेत तसे काप केले, आणि गाठीचं सगळं आवरण, आतला भाग, शेजारची ग्रंथी असं सगळं वेगवेगळ्या कॅसेटांत घातलं. तेवीस ब्लॉक झाले. माझा टेक्निशियन काही बोलला नाही. मेणाच्या त्या ठोकळ्यांचे चार-चार मायक्रॉनचे पापुद्रे त्यानं दोन दिवस शांतपणे कापले.

कॅन्सर गाठीच्या शेजारी नव्हता, गाठच कॅन्सरची होती. आवरण तीन ठिकाणी ओलांडलेलं. आणि शेजारच्या निरोगी ग्रंथीत जे दिसलं ते मी विसरणार नाही. कोलॉइडनं भरलेल्या मोठ्या पिशव्या आणि त्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या चपट्या, निजलेल्या पेशी. खूप दिवस कुणी काम न सांगितलेल्या. सगळं हार्मोन ती गाठच बनवत होती, याची ही साक्ष. मानेच्या दोन लसीका गाठींत तोच कॅन्सर.

रिपोर्ट न्यायला सासूबाईही आल्या होत्या. त्या घरात अहिराणीच बोलतात. माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकवून त्यांनी विचारलं, "मनी सून बरी व्हई ना, ताई?" आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. म्हटलं, व्हई. हे मी नुसत्या धिरापोटी म्हटलं नाही. पॅपिलरी जातीच्या थायरॉइड कॅन्सरचे बहुसंख्य पेशंट उपचारांनी बरे होतात, मानेच्या गाठींत तो गेला असला तरी. पुढे त्यांना किरणोत्सारी आयोडीन देण्यात आलं, काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागलं, त्याआधी आयोडीनचं मीठ बंद. आता सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी असते, आयुष्यभर.

पण मी कितीदा विचार करते की सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी आग्रह धरला नसता तर? आयोडीनची गोळी त्यांना मिळालीच असती, पण साध्या गरम गाठीच्या मापाची. हार्मोन खाली आलं असतं, वजन वाढलं असतं, हात स्थिर झाला असता, टिकल्यांची रांग सरळ झाली असती. सगळ्यांना वाटलं असतं की बरं झालं. आणि मानेतला वाटाणा तसाच वाढत राहिला असता.

दोन्ही पेशंटांनी मला एकच गोष्ट शिकवली. प्रत्येक तपासणीचा एकच प्रश्न असतो आणि ती त्याच प्रश्नाचं उत्तर देते. टीएसएच सांगतं, हार्मोन किती. स्कॅन सांगतो, ते कुठून येतंय. सोनोग्राफी रूप सांगते. सुई पेशीचा चेहरा दाखवते. आवरण ओलांडलंय का, हे शेवटी मेणाचा ठोकळाच सांगतो. त्या विणकराच्या वेळी मी पेशीच्या दाटीला 'काम किती' हा प्रश्न विचारायला विसरले. या बाईंच्या वेळी 'काम करतेय' या उत्तराला मी 'चांगली आहे' असं समजून चालले होते. त्यांनी टेबलावर विचारलेला प्रश्न आणि माझ्या मनातला नियम यांत फरकच नव्हता.

म्हणून सगळ्या गरम गाठींत सुया घालत सुटायचं का? नाही. ते केलं तर त्या विणकरासारखे किती तरी लोक विनाकारण घाबरतील. बहुसंख्य गरम गाठी साध्याच असतात आणि आयोडीननं विझतात. पण मानेत वेगळी गाठ लागली, सोनोग्राफी जोरात बोलत असेल, गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल, पेशंट लहान मूल असेल, तर स्कॅनचा 'गरम' हा शब्द ऐकून थांबायचं नाही. माझ्या लॅबच्या फॉर्मवर टीएसएचच्या रकान्याखाली आता आणखी एक ओळ छापलेली आहे: 'मान दोन्ही बाजूंनी चाचपली का?' तिच्यापुढे खूण मी स्वतः करते, हात लावल्यानंतर.

मागच्या दिवाळीच्या आधी त्या बाई आल्या. तपासणीसाठी नाही, फराळाचा डबा द्यायला. सोबत एक साडी होती, त्यांनीच टिकल्या लावलेली. मी ती खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली आणि काठाची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं पाहत गेले. त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी काय तपासतेय, हे त्यांना माहीत होतं.